ताशी साठ मैल आणि ‘वर्तणूक : चांगली’

२६ एप्रिल २०१७. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एका खटल्याचा युक्तिवाद चालू होता. मध्येच सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी सरकारी वकिलांना स्वतःचंच उदाहरण दिलं. त्याचा मथितार्थ असा : खूप वर्षांपूर्वी ५५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर मी ताशी ६० मैलांनी गाडी चालवली होती. पकडला गेलो नाही. आता नागरिकत्वाच्या अर्जात तुम्ही विचारता, की ज्यासाठी अटक झाली नाही असा एखादा गुन्हा तुम्ही कधी केला आहे का? त्यावर मी ‘नाही’ लिहिलं, तर वीस वर्षांनी माझ्या दारात येऊन तुम्ही माझं नागरिकत्व काढून घेऊ शकता का?

सरकारी वकिलांचं उत्तर ‘हो’ अशाच अर्थाचं होतं. रॉबर्ट्स यांनी त्यावर जे उद्गार काढले त्यांचं मराठी साधारण ‘अहो, काहीतरीच काय!’ असं होईल.

त्या युक्तिवादाची नोंद मी अलीकडे शब्दन्‌शब्द वाचली. निमित्त माझी आतेबहीण. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. लोकांनी फॉर्ममध्ये काय भरलं, ते तपासणारा कोड लिहिणं हे माझं रोजचं काम. ताई २००९ साली एमएस करायला टेक्सासला गेली, तिथेच नोकरीला लागली, ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभी राहिली आणि ते मिळून पाच वर्षं होत आल्यावर तिने नागरिकत्वाचा अर्ज भरायला घेतला. त्या अर्जाचं नाव एन-४००. त्यात एक प्रश्न आहे : कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याने कोणत्याही कारणासाठी तुम्हाला कधीही अटक केली आहे का, ताब्यात घेतलं आहे का, किंवा ‘साइट’ केलं आहे का? तिकडे गाडी अडवून पोलीस हातात जो कागद देतो त्याला बोलीभाषेत ‘तिकीट’ म्हणतात, पण त्याचं कायद्यातलं नाव ‘सायटेशन’. म्हणजे आपल्याकडे मामाने पावती फाडली, की तिकडे तुम्ही ‘साइट’ झालात.

ताईच्या नावावर दोन तिकिटं होती. एक २०१४ चं, वेगाचं. दुसरं स्टॉपच्या पाटीपाशी गाडी पूर्ण न थांबवल्याचं. पहिल्या तिकिटासाठी तिने सुरक्षित ड्रायव्हिंगचा कोर्स केला होता. टेक्सासात तो केला की कोर्ट प्रकरण निकाली काढतं आणि नोंद ‘डिसमिस्ड’ अशी होते. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडले. काकांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं म्हणणं : “अगं, डिसमिस झालं म्हणजे झालंच नाही. दोन पावत्या कोण बघत बसतंय?” ताईचं म्हणणं : “बाबा, फॉर्ममध्ये ‘कधीही’ लिहिलंय.”

वरवर पाहता हा वाद दोन-तीनशे डॉलर दंडाचा होता. पण ‘कधीही’ हा शब्द अर्जात कुठून आला हे शोधायला लागलो, आणि सव्वादोनशे वर्षं मागे जावं लागलं.

वर्तणुकीचा दाखला

आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. त्यात जवळजवळ सगळ्यांच्या नावापुढे ‘चांगली’ लिहिलेलं असतं. चांगली म्हणजे काय, कोणी ठरवली, कशावरून ठरवली, हे कोणी विचारत नाही.

अमेरिकेने देश म्हणून जे पहिले कायदे केले, त्यांतल्या एकात असाच एक रकाना आहे. २६ मार्च १७९० च्या नागरिकत्व कायद्यात तीन मुख्य अटी होत्या. माणूस ‘स्वतंत्र गोरा’ असावा, दोन वर्षं देशात राहिलेला असावा, आणि तो चांगल्या चारित्र्याचा आहे याबद्दल कोर्टाची खात्री पटावी. १७९५ मध्ये दोन वर्षांची पाच झाली आणि ‘चांगलं चारित्र्य’ या शब्दांत ‘नैतिक’ची भर पडली. ही पाच वर्षं आणि ‘चांगलं नैतिक चारित्र्य’ हे शब्द आजही कायद्यात आहेत. व्याख्या मात्र कायद्याने दिली नाही. ती न्यायाधीशांवर सोडली.

त्या काळात चारित्र्य तपासायची पद्धत गावातल्यासारखी होती. अर्जदार जवळच्या कोर्टात जायचा, त्याला ओळखणारे नागरिक सोबत यायचे आणि ‘हा माणूस भला आहे’ अशी शपथ घ्यायचे. संघराज्याचं कोर्टच पाहिजे असंही नव्हतं. राज्यांची, काउंटींची कोर्टंही नागरिकत्व देत. त्यामुळे गोंधळही भरपूर झाला. १८६८ च्या निवडणुकीआधी न्यूयॉर्कमध्ये टॅमनी हॉल या राजकीय यंत्रणेने हजारो स्थलांतरितांना झटपट नागरिक करून मतदार बनवलं. तिथे चारित्र्याची खात्री करून घ्यायला कोणाला सवड होती?

१९०६ च्या कायद्याने या कारभाराला शिस्त लावली. देशभर एकच छापील अर्ज आला, वॉशिंग्टनमध्ये त्यासाठी खातं आलं, आणि दोन नागरिकांची साक्ष सक्तीची झाली. त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं : फसवणुकीने किंवा बेकायदा मिळवलेलं नागरिकत्व सरकार कोर्टात जाऊन रद्द करून घेऊ शकेल. एका हाताने देणं आणि दुसऱ्या हाताने परत घेणं, दोन्हींची व्यवस्था एकाच कायद्यात झाली.

रविवारचा गुत्ता

छापील अर्ज आल्यावर ‘चांगलं नैतिक चारित्र्य’ म्हणजे काय, यावर कोर्टांना लेखी निकाल द्यावे लागले. १९०९ मध्ये इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे ह्रास्की नावाच्या गुत्तेवाल्याचं प्रकरण आलं. त्याचा दोष काय? रविवारी दारूचे गुत्ते बंद ठेवायचा कायदा होता आणि हा नेमाने उघडे ठेवायचा. चोरी नाही, मारामारी नाही. तरी कोर्ट म्हणालं, कायदा सतत मोडणारा माणूस चांगल्या चारित्र्याचा म्हणता येणार नाही.

१९२० मध्ये देशभर दारूबंदी लागू झाली. घरात दारू सापडली म्हणून काही कोर्टांनी नागरिकत्व नाकारलं. १९३३ मध्ये दारूबंदी उठली, आणि कालपर्यंत चारित्र्यहीन ठरवणारी बाटली पुन्हा दुकानात आली. बाटली तीच होती, तिच्याकडे बघणारे डोळे बदलले.

नैतिकता अशी काळासोबत सरकते हे न्यायाधीशांनाही दिसत होतं. लर्नेड हँड हे त्या काळातले अतिशय नावाजलेले न्यायाधीश. १९४७ मध्ये त्यांच्यापुढे रेपुई नावाच्या माणसाचा अर्ज आला. त्याने १९३९ मध्ये आपल्या जन्मतःच गंभीर अपंग असलेल्या मुलाला क्लोरोफॉर्म देऊन मारलं होतं. ज्युरींनाही त्याची दया आली होती आणि तो तुरुंगाबाहेर राहिला होता. पुढे त्याने नागरिकत्वाचा अर्ज केला, पण त्या घटनेला पाच वर्षं पूर्ण व्हायला काही आठवडे बाकी असताना. हँड यांनी निकालात मोकळेपणाने मान्य केलं, की अशा प्रश्नावर समाजाची नैतिक भावना काय आहे हे कळायला आमच्याकडे साधन नाही. अर्ज नामंजूर झाला. सोबत हेही सांगितलं गेलं, की आता पाच वर्षं उलटून गेली आहेत, नवा अर्ज करा.

माझ्यासारख्या माणसाला इथे चटकन कोड दिसतो. ‘चारित्र्य’ नावाचा एक चल, त्याची व्याख्या कुठेच नाही, आणि तारीख बदलली की उत्तर बदलतं. अशा कोडला रिव्ह्यूमध्ये कोणी पास करणार नाही. कायद्यात मात्र ते दीडशे वर्षं चाललं.

१९५२ मध्ये संसदेने पहिल्यांदा यादी दिली. चारित्र्य चांगलं म्हणजे काय हे सांगितलं नाही, ते कशाने बिघडतं हे सांगितलं : अट्टल दारुडेपणा, व्यभिचार, जुगारावर पोट भरणं, १८० दिवस किंवा त्याहून जास्त तुरुंगवास, आणि इमिग्रेशनचा फायदा मिळावा म्हणून शपथेवर खोटी साक्ष. ट्रॅफिकचं तिकीट यादीत नव्हतं. पण यादीखाली एक ओळ होती : यात न बसणाऱ्या कारणानेही एखाद्याचं चारित्र्य चांगलं नाही असं ठरवता येईल. प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर शेवटी ‘एल्स’ उघडाच ठेवला.

त्या उघड्या ‘एल्स’मधून तिकिटं आत आली. १९६१ मध्ये वू नावाच्या अर्जदाराचं प्रकरण न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयात गेलं. ट्रॅफिकचे नियम पुन्हा पुन्हा मोडल्यामुळे खालच्या कोर्टाने त्याला नागरिकत्व नाकारलं होतं. अपील न्यायालयाने ते मान्य केलं नाही. अशा किरकोळ चुकांवरून माणूस चारित्र्यहीन ठरत नाही, अशी भूमिका घेत निकाल फिरवला. ‘दोन पावत्या कोण बघत बसतंय’ हे काकांचं म्हणणं बरोबर ठरवणारा निकाल कुठे असेल, तर तो हा.

खरं सांगूनही

पण हे बहुतेक गोऱ्यांचं झालं. १९५२ पर्यंत आशियातल्या माणसाला चारित्र्याच्या रकान्यापर्यंत पोचायच्या आधी रंगाचा रकाना ओलांडावा लागायचा.

मुंबईचे पारशी गृहस्थ भिकाजी बलसारा हे टाटांसाठी कापूस खरेदी करायचे. त्यांना १९०९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये नागरिकत्व मिळालं. सरकारने अपील केलं, तरी १९१० मध्ये ते टिकलं. पारशी ‘गोरे’ आहेत असं कोर्टाने मानलं. भगतसिंग थिंड यांचं नशीब वेगळं होतं. ते पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९ फेब्रुवारी १९२३ ला निकाल लागला : साध्या माणसाच्या समजुतीप्रमाणे हिंदुस्थानी माणूस ‘गोरा’ नाही.

या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या भारतीयांची नागरिकत्वं सरकारने रद्द करायला घेतली. आरोप कोणता? ‘बेकायदा मिळवलं.’ या लोकांनी काहीही लपवलं नव्हतं. कुठून आलो, कोण आहोत हे खरं खरं लिहिलं होतं, कोर्टाने ते वाचूनच मंजुरी दिली होती. उत्तर तेच राहिलं, तपासण्याचा नियम मागाहून बदलला. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णो दास बगई यांचं नागरिकत्व असंच गेलं. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. हे नाव मराठी कानाला लगेच ओळखीचं वाटतं. ते १९१४ मध्ये अमेरिकन नागरिक झाले होते, कॅलिफोर्नियात वकिली करत होते. थिंड खटला हरल्यावर सरकारने पंडितांवरच दावा लावला. त्यांचा बचाव सरळ होता : तुम्हीच दिलेल्या नागरिकत्वावर विसंबून मी आयुष्य उभं केलं, वकिलीची सनद घेतली, लग्न केलं, हिंदुस्थानातले हक्क सोडले. सगळी माहिती समोर असताना तुमच्याच कोर्टाने जो निकाल दिला आणि ज्यावर तुम्ही अपील केलं नाही, तो आता उकरून काढता येणार नाही. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने हे मान्य केलं. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला, आणि भारतीयांविरुद्धच्या उरलेल्या कारवाया थंडावल्या.

भारतीयांना नागरिक होण्याचा हक्क मिळाला तो १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने. येणाऱ्यांचा वार्षिक कोटा होता १००. आज ताईसारखे अर्जदार इतके आहेत, की २०२३ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेचे नवे नागरिक झालेल्यांत सुमारे ५९ हजार भारतात जन्मलेले होते. मेक्सिकोच्या खालोखाल दुसरा क्रमांक.

खिळा

याच काळात आणखी एक गोष्ट दिसते. छोटी त्रुटी शोधली जाते ती त्रुटीसाठी नव्हे, माणसासाठी.

एमा गोल्डमन ही अराजकतावादी वक्ती सरकारला नकोशी झाली होती. पण ती नागरिक होती, तिला देशाबाहेर कसं काढणार? मग खात्याने तिच्या पूर्वीच्या नवऱ्याची फाइल काढली. त्याला १८८४ मध्ये नागरिकत्व मिळालं, तेव्हा त्याचं वय २१ पूर्ण नव्हतं आणि देशात पाच वर्षंही झाली नव्हती, असा दावा करून १९०९ मध्ये ते रद्द करवलं. तेव्हाच्या कायद्यात बायकोचं नागरिकत्व नवऱ्यावर टांगलेलं असे. खिळा निघाला आणि टांगलेलं खाली आलं. डिसेंबर १९१९ मध्ये गोल्डमनला बोटीत बसवून रशियाकडे पाठवण्यात आलं. पंचवीस वर्षांपूर्वीच्या अर्जातली वयाची नोंद तिच्या भाषणांवरचा उपाय ठरली.

पॅट्रिक वाइल या इतिहासकाराने मोजलं आहे, की विसाव्या शतकात, मुख्यतः १९६७ पर्यंत, अमेरिकेने २२ हजारांहून अधिक लोकांचं नागरिकत्व काढून घेतलं. पुढे कोर्टांनी ही वाट अरुंद केली. १९४३ च्या श्नायडरमन खटल्यात ठरलं, की स्पष्ट आणि निःसंदिग्ध पुरावा असल्याशिवाय नागरिकत्व रद्द करता येणार नाही. १९६७ च्या आफ्रोइम खटल्याने सांगितलं, की माणसाने स्वतः सोडल्याशिवाय नागरिकत्व हिरावता येणार नाही. अपवाद राहिला तो मिळवतानाच्या फसवणुकीचा. म्हणजे सगळा भार अर्जातल्या उत्तरांवर आला.

शेजाऱ्यांच्या जागी सर्व्हर

१९८१ मध्ये कायद्यात दोन बदल झाले. बिघडलेल्या चारित्र्याच्या यादीतून व्यभिचार वगळला आणि दोन साक्षीदारांची अटही काढली. १९९० च्या कायद्याने अर्ज मंजूर करायचं काम कोर्टांकडून काढून खात्याकडे दिलं. ‘याला मी ओळखतो’ म्हणणारा शेजारी गेला. त्याच्या जागी बोटांचे ठसे आले, एफबीआयची तपासणी आली आणि अधिकाऱ्यापुढची मुलाखत आली. शेजारी तिकीट विसरू शकतो, किंवा आठवूनही ‘जाऊ दे’ म्हणू शकतो. डेटाबेस तसं म्हणत नाही.

डेटाबेसही अपुराच असतो, ती गोष्ट वेगळी. २०१६ मध्ये सरकारच्याच तपासणी अहवालात निघालं, की पूर्वी दुसऱ्या नावाने हद्दपारीचा आदेश मिळालेल्या किमान ८५८ लोकांना नागरिकत्व दिलं गेलं होतं. कारण जुने ठसे कागदी कार्डांवर होते आणि ते डिजिटल यंत्रणेत चढवलेच नव्हते. ज्याने कधी जुन्या सिस्टिमचा डेटा नव्या सिस्टिमवर नेला आहे, त्याला नवल वाटणार नाही. यातून जुन्या फाइली पुन्हा तपासायचं मोठं काम सुरू झालं आणि नागरिकत्व रद्द करण्याचे खटलेही उभे राहिले.

तिकडे अर्ज फुगत होता. २०१४ मध्ये एन-४०० दहा पानांवरून एकवीस पानांवर गेला. ‘तुम्ही कधीही…’ अशी सुरुवात असलेल्या प्रश्नांची रांगच त्यात आहे. चारित्र्याचा हिशेब पाच वर्षांचा, प्रश्न मात्र जन्मापासूनचे. आणि सूचना स्पष्ट आहे : नोंद पुसली गेली असेल, सीलबंद असेल, ‘तुमच्या नावावर आता काही नाही’ असं कोणी सांगितलं असेल, तरी उत्तर ‘हो’च द्या. काकांचा ‘डिसमिस म्हणजे झालंच नाही’ हा मुद्दा इथे संपतो.

तिकिटांबद्दल अर्जाच्या सूचनांमध्ये एक सवलत आहे. दारू किंवा अमली पदार्थांचा संबंध नसेल, अटक झाली नसेल आणि शिक्षा फक्त ५०० डॉलरपेक्षा कमी दंड किंवा लायसन्सवरचे पॉइंट एवढीच असेल, तर कागदपत्रं जोडायची गरज नाही. लोक हे वाचतात आणि समजतात, की सांगायचीच गरज नाही. पण माफी कागद जोडण्यातून आहे, उत्तर देण्यातून नाही. शिवाय तिकीट सगळीकडे सारखं नसतं. अनेक राज्यांत ती दिवाणी चूक असते. टेक्सासात वेगाचं तिकीट हा सगळ्यात खालच्या वर्गाचा, फक्त दंडाचा, पण फौजदारी गुन्हा असतो. व्हर्जिनियात मर्यादेपेक्षा वीस मैल जास्त वेग म्हणजे ‘बेदरकार ड्रायव्हिंग’ आणि त्याला बारा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

खरी मेख पुढे आहे. मुलाखतीत अधिकारी हात वर करून शपथ घ्यायला लावतो आणि तेच प्रश्न तोंडी विचारतो. १९८८ च्या कुंगिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की फायदा मिळवण्याच्या हेतूने शपथेवर तोंडी खोटं बोललं, तर ती गोष्ट कितीही क्षुल्लक असली तरी ते चारित्र्याच्या आड येतं. वेगाचं तिकीट माफ होतं. ते लपवायला उच्चारलेलं ‘नाही’ माफ होत नाही. १९५२ च्या यादीत तिकीट नव्हतं, खोटी साक्ष होती.

त्या दिवशीचा खटला

रॉबर्ट्स यांनी आपल्या गाडीचं उदाहरण दिलं तो खटला दिव्ना मास्लेंजाक यांचा. त्या बोस्नियातून निर्वासित म्हणून आल्या, २००७ मध्ये नागरिक झाल्या. नवऱ्याच्या लष्करी नोकरीबद्दल त्यांनी इमिग्रेशन अधिकाऱ्यांना खोटं सांगितलं होतं आणि पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ‘मी कधीही खोटी माहिती दिलेली नाही’ असंही सांगितलं. खोटं किरकोळ नव्हतं. नवरा ज्या ब्रिगेडमध्ये होता, तिचा स्रेब्रेनित्सातल्या हत्याकांडाशी संबंध होता. पण सरकारची भूमिका त्याहून बरीच पुढे गेली : खोटं कोणतंही असो, त्यामुळे निर्णयात फरक पडला असो वा नसो, नागरिकत्व काढता येईल. न्यायमूर्ती एलेना कागन यांनी विचारलं, की मग मी वजनाबद्दल खोटं बोलते त्याचेही असेच परिणाम होणार का?

२२ जून २०१७ ला निकाल आला. तो कागन यांनीच लिहिला आणि सरकारची भूमिका एकाही न्यायमूर्तींनी उचलून धरली नाही. फौजदारी खटला चालवून नागरिकत्व काढायचं, तर त्या खोट्याचा नागरिकत्व मिळण्यात काहीतरी वाटा होता हे सरकारला दाखवावं लागेल. ९० वर्षांपूर्वी पंडितांनी जी रेघ ओढून घेतली होती, तिच्याच शेजारची ही रेघ.

मला या इतिहासात दोन वेगळी कामं दिसतात. खरं सांगणं हे अर्जदाराचं काम. त्या खऱ्याचा वापर कुठवर करायचा याला मर्यादा घालणं हे कायद्याचं काम. पहिलं काम लोकांकडून सक्तीने आणि तपशीलवार करून घेतलं गेलं. दुसरं दर पिढीला कोणीतरी कोर्टात जाऊन झगडल्यावरच झालं. बगई यांनी खरं सांगितलं होतं. त्यांच्या वेळी मर्यादा नव्हती.

आणि मर्यादा एकदा घातली की कायमची राहते असंही नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने नागरिकत्व रद्द करण्याचे दिवाणी खटले प्राधान्याने चालवायचे आदेश आपल्या वकिलांना दिले. अशा दिवाणी खटल्यांना मुदतीचं बंधन नसतं. १५ ऑगस्ट २०२५ ला नागरिकत्व देणाऱ्या खात्याने चारित्र्याबद्दल नवं परिपत्रक काढलं. अधिकाऱ्यांनी माणसाचा सगळा आयुष्यक्रम बघावा, चांगल्या गोष्टीही मोजाव्यात, असं त्यात आहे. आणि कायद्याने चारित्र्याला बाधक नसलं तरी नागरी जबाबदारीशी विसंगत ठरू शकेल अशा वागण्याची उदाहरणं देताना बेदरकारपणे किंवा वारंवार मोडलेल्या ट्रॅफिकच्या नियमांचा उल्लेख आहे. १९६१ मध्ये वू प्रकरणात दारातून बाहेर पाठवलेलं तिकीट खिडकीतून परत आलं आहे. ‘वारंवार’ म्हणजे किती? दोन? पाच? आकडा दिलेला नाही. ह्रास्कीच्या गुत्त्याला तरी रविवार मोजता येत होते.

दोन देशांच्या मधोमध

भारतातून आलेल्या माणसासाठी यात एक जास्तीचा धोका आहे. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. ताई ज्या दिवशी अमेरिकेची शपथ घेईल, त्या दिवशी तिचं भारतीय नागरिकत्व कायद्याने संपेल. पुढे कधी अमेरिकेने तिचं नागरिकत्व काढलं, तर भारताचं आपोआप परत येणार नाही. त्यासाठी इथे वेगळा अर्ज करावा लागेल, आणि परकीयाने देशीयकरणाने भारताचा नागरिक व्हायचं, तर आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतही अट आहे, की अर्जदार ‘चांगल्या चारित्र्याचा’ असावा. व्याख्या इथेही नाही. त्याच अनुसूचीत राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एखादी भाषा पुरेशी येत असावी अशीही अट आहे, त्यात मराठी चालेल. चारित्र्याचं मात्र सरकारला पटवून द्यावं लागेल.

म्हणून आपण हे सगळं ‘त्यांच्याकडचं’ म्हणून वाचू नये. पुण्यात सिग्नलवरचा कॅमेरा माझा फोटो काढतो आणि चलन मोबाइलवर येतं. पूर्वी मामाची पावती पाकिटात विरून जायची. आता ती कुठल्यातरी सर्व्हरवर तारीख, वेळ आणि फोटोसह पडून आहे. आज तिला फारसं कोणी विचारत नाही. पण साठवलेली नोंद पुढे कोणत्या प्रश्नाला उत्तर म्हणून वापरली जाईल, हे ती साठवणाऱ्यालाही माहीत नसतं. हे मी माझ्या कामातून खात्रीने सांगू शकतो. डेटा आधी गोळा होतो, त्याचे उपयोग नंतर सुचतात.

ताईने ‘हो’ लिहिलं. दोन्ही तिकिटं, तारखा, दंडाची रक्कम, एकाचा निकाल ‘डिसमिस्ड’. गरज नसताना तिथल्या कोर्टाकडून निकालाची प्रमाणित प्रतही मागवून घेतली. काकांनी ग्रुपवर विचारलं, “एवढ्याशा गोष्टीसाठी?” तिने लिहिलं, “बाबा, गोष्ट एवढीशीच राहावी म्हणून.”

अर्जदार म्हणून तिच्या हातात होतं तेवढं तिने केलं. बाकीचं, म्हणजे एवढीशी गोष्ट एवढीशीच ठेवायची की नाही, हे त्या अर्जाच्या पलीकडे बसलेल्या माणसावर आहे. आणि त्या माणसाला बांधून ठेवणाऱ्या काही निकालांवर, ज्यांतला एक सखाराम गणेश पंडित नावाच्या वकिलाने स्वतःसाठी लढून मिळवला होता.